अंगावर चढलं, रक्तात उतरलं नाही

(बेंगळुरूत पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मराठी मुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मैत्रिणींनो, मला अभ्यास कसा करावा यावर बोलायला सांगितलं होतं. मी जेवणावर बोलणार आहे.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीतून मी ऑगस्टमध्ये इथे आले, तेव्हा वजन ४४ किलो होतं. जानेवारीत घरी गेले तेव्हा ५०. आई हरखून म्हणाली, "अंगावर मास आलं माझ्या लेकीच्या!" तिच्यासाठी ती पोट भरल्याची खूण होती. परत आल्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "स्कॉलरशिपचं फुकट खाऊन सुटलीस." मी रात्रीचं जेवण सोडलं. महिन्याभरात जिन्यावर चक्कर येऊन पडले. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.

वजन वाढलेलं आणि रक्त कमी, हे कसं? डॉक्टरबाईंनी विचारलं, "खातेस काय?" तेव्हा मी पहिल्यांदा हिशेब मांडला. सकाळी इडली नाहीतर चित्रान्न, दुपारी भात-सांबार, रात्री भात-रसम. अंडं-मटण वसतिगृहात आणायला बंदी. उशिरा भूक लागली की बेकरीतला बन आणि गोड चहा. गावी ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, सुकट, कधी वजडी. शिवाय हापशाच्या चार खेपा. इथे दिवसभर खुर्ची आणि रात्री दोनपर्यंत शब्दकोश, कारण शिकवणं सगळं इंग्रजीत. मैदानावर मुलगे, आणि साडेआठला फाटक बंद.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भात, मैदा, साखर स्वस्तात पोट भरतात. लोह आणि प्रथिनं मागे राहतात.

मग आपण मागत का नाही? बाबासाहेबांनी लंडनमध्ये पापडावर रात्री काढल्या, आपण जेवणाचं काय रडायचं, असं मला वाटायचं. पण ती उपासमार गरिबीने त्यांच्यावर लादली होती. तिचा नियम करून आपण आपल्याच अंगावर का चालवावा?

डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने बिदर, कलबुर्गी, कोप्पळ अशा जिल्ह्यांतल्या शाळांत उकडलेलं अंडं द्यायला सुरुवात केली. काही मठाधिपतींनी विरोध केला. तेव्हा कोप्पळ जिल्ह्यातल्या गंगावतीची एक शाळकरी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि आम्हाला अंडी हवीत, नाहीतर तुमच्या मठात येऊन खाऊ, असं ठणकावून सांगितलं. ती शाळेत होती. मी पदवीला असून मेसच्या वहीत साधी सूचना लिहायला घाबरत होते.

मग आम्ही पाच जणींनी कन्नड आणि इंग्रजीत अर्ज दिला: आठवड्यातून दोनदा अंडं, भाताऐवजी कधी रागी मुद्दे, आणि संध्याकाळी चालायला तासभर जास्त वेळ. रागी म्हणजे आपली नाचणीच. बुधवारी मुद्दे सुरू झालं. फाटक आता साडेनऊला बंद होतं. अंड्याला नकार आला. दुसरा अर्ज दिलाय, त्यावर आता एकवीस सह्या आहेत.

तुम्हाला एवढंच सांगते. वजनकाट्याच्या आधी रक्त तपासा. जेवण सोडू नका. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. आणि कुणी तुमच्या ताटावरून बोललं, तर एकटीने खोलीत बसून रडू नका. आमच्या अर्जावर सही करायला या.

जय भीम.