केसपेपरवर पाळी लिहा

गावोगावचे दवाखाने दोन दिवस बंद ठेवून इथे आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. आता इथले माग रात्रीही चालतात. काल मुक्कामाला आलेल्यांनी तो खडखडाट ऐकला असेल. त्या आवाजापाशी बारा तासांच्या रातपाळीवर माणूस उभा असतो. झोप आणि चयापचय या विषयावरची परिषद इथेच भरवावी, हा आग्रह स्वागत समितीने त्याच्यासाठी धरला.

सकाळी आठ-नऊला दवाखान्यात येणारा हा कामगार आपल्याही ओळखीचा असेल. डोळे तांबारलेले, केसांत कापसाचे तंतू. 'उपाशीपोटी साखर तपासून आण' असं आपण सांगितलेलं असतं, म्हणून तो पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट लॅबमध्ये गेलेला असतो. नाश्ता केलेला नसतो, हे खरं. पण रात्री तीनला मागाशेजारी बसून त्याने डबा खाल्लेला असतो, पाचला गोड चहा घेतलेला असतो. रिपोर्टवर मात्र 'उपाशीपोटी' असंच छापून येतं. मग आपण चिठ्ठी लिहितो : गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. त्याची सकाळ कोणती? या आठवड्यात दुपारी दोनला उठणारा माणूस पाळी बदलली की पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मागावर असतो.

शरीराच्या घड्याळाचं जनुकीय यंत्र फळमाशीत उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या देशातही मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर या विषयाचं मोलाचं काम कितीतरी आधी केलं होतं. त्यांचं नाव या व्यासपीठावरून घेतलंच पाहिजे. आपल्या रुग्णाच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं एवढंच : मेंदूतला सुमारे २० हजार पेशींचा पुंजका डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर वेळ जुळवतो, पण यकृताचं घड्याळ बरंचसं जेवणाच्या वेळेवर चालतं. रातपाळीत या दोघांची फारकत होते. त्यात रात्री मेलाटोनिन चढलेलं असताना इन्सुलिन हात आखडता घेतं. म्हणून तेच जेवण सकाळी जितकी साखर चढवतं, त्याहून रात्री जास्त चढवतं.

झोपेचंही तसंच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिकागो विद्यापीठात ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने ११ धडधाकट तरुणांना ओळीने ६ रात्री चारच तास अंथरुणावर राहू दिलं. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर पेलण्याची ताकद ठळकपणे घसरली. आमच्या गावात दिवसा झोपणाऱ्याची खोली पत्र्याची असते, भिंतीपलीकडे दुसऱ्याचे माग चालू असतात, मुलं शाळेतून आलेली असतात. ६ रात्रींचा तो प्रयोग इथे लोक वर्षानुवर्षं जगतात. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितलं. त्यांतल्या किती जणांना आपण झोपेबद्दल एक तरी प्रश्न विचारतो?

उपाय नाहीत असं नाही. बॉस्टनमध्ये फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी १९ तरुणांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रातपाळीसारख्या वेळापत्रकात रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी जेवण दिवसापुरतंच ठेवलं, त्यांची लक्षणीय वाढली नाही. प्रयोग छोटा आहे आणि तो निरोगी माणसांवरचा आहे, हे विसरून चालणार नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मागवाल्याला 'रात्री काही खाऊ नको' असं सरसकट सांगणं जिवावर बेतू शकतं. चालू यंत्रापाशी साखर उतरली तर पुढे काय होईल, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. अशा रुग्णाची आधी औषधाची वेळ आणि मात्रा बदलावी, मग डब्याला हात लावावा. या विषयाला उद्याचं अख्खं पहिलं सत्र दिलं आहे. कारखानदार बंधूंनाही त्याचं आवर्जून निमंत्रण आहे, कारण पाळ्या लावणं त्यांच्या हातात आहे.

दोन्ही दिवस सत्रं सहाला संपतील आणि रात्रीचं जेवण साडेसातला असेल. राहण्या-जेवण्यात काही कमी पडलं तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.

उद्या समारोपाला स्वागत समिती एक ठराव मांडणार आहे. केसपेपरवर नाव, वय, वजन यांच्याखाली आणखी तीन ओळी असाव्यात : पाळी कोणती, झोपता कधी, शेवटचं कधी खाल्लं. हा ठराव आपण एकमताने मंजूर करावा आणि सोमवारी दवाखाना उघडल्यावर पहिल्याच रुग्णापासून या तीन ओळी भरायला घ्याव्यात, अशी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.