नाजऱ्याच्या पुढची वाट

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीनंतर काय, हा प्रश्न दरवर्षी निकाल लागला की आपल्या घराघरांतून विचारला जातो. उत्तरेही ठरलेली असतात. मुलगा असेल तर इंजिनिअरिंग, आय. टी. आय. किंवा आखाती देशांतील नोकरी. मुलगी असेल तर डी. एड., नर्सिंग, नाहीतर सरळ लग्न. या यादीत सहसा नसलेल्या एका वाटेविषयी मी आज बोलणार आहे. इस्लामचा आणि मुस्लिम स्त्रियांच्या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून तो विषय महाविद्यालयात व विद्यापीठात शिकविणे, आणि त्यालाच आयुष्याचे काम मानणे, ही ती वाट होय.

प्रथम आपल्या घरची रीत पाहू. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की मकतबात जाऊ लागते. कायदा संपतो, अम पारा येतो, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी कुरआनचा नाजरा पूर्ण होतो. घरात आनंद होतो, मिठाई वाटली जाते. ही रीत चांगलीच आहे. परंतु आपण स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. जो ग्रंथ मुलगी अक्षर-अक्षर वाचते, त्याचा अर्थ तिला कोण शिकविणार? बहुतेक घरांत तो कोणीच शिकवीत नाही. नाजरा संपला म्हणजे शिक्षण संपले असे आपण धरून चालतो. वस्तुतः तेथे ते सुरू व्हावयास हवे.

ही वाट किती दूर जाऊ शकते, हे एका स्त्रीच्या चरित्रावरून आपल्यासमोर ठेवतो. त्यांचे नाव डॉ. आएशा अब्दुर्रहमान. जन्म 1913 सालचा, इजिप्तमधील दुमियात या गावचा. नाईल नदी समुद्राला मिळते त्या टोकाजवळचे हे गाव. वडील धार्मिक विद्यालयात शिक्षक होते. त्यांनी मुलीला लहानपणीच कुरआन व अरबी शिकविण्यास प्रारंभ केला. पण सरकारी शाळेत पाठविण्यास ते तयार नव्हते. आलिमांच्या मुलींनी घरीच शिकावे असे त्यांचे मत होते. आपल्याकडील पुष्कळ वडील आजही असेच म्हणतात, आणि ते मुलीचे वाईट व्हावे म्हणून म्हणत नाहीत.

आई मात्र मुलीच्या पाठीशी उभी राहिली. आजोळच्या वडीलधाऱ्यांनीही मध्यस्थी केली. मुलीने घरी बसून अभ्यास केला, परीक्षा बाहेरून दिल्या, आणि 1929 मध्ये शिक्षिकांच्या परीक्षेत ती साऱ्या इजिप्तमध्ये पहिली आली. पुढे तिने वृत्तपत्रांत लिहिण्यास सुरुवात केली, तेव्हा वडिलांना रुचणार नाही म्हणून खरे नाव न घालता ‘बिन्त अल्-शाती’, म्हणजे किनाऱ्याची लेक, असे नाव घेतले. याच नावाने अरबी जग तिला ओळखू लागले. तिचे आरंभीचे लेखन इजिप्तमधील खेडी आणि तेथील शेतकरी कुटुंबांची हलाखी यांविषयी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कैरो विद्यापीठातून अरबी विषय घेऊन 1939 मध्ये पदवी, 1941 मध्ये एम. ए., आणि 1950 मध्ये डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास झाला. याच विद्यापीठात प्रा. अमीन अल्-खूली यांच्याकडून कुरआनच्या भाषेचा अभ्यास कसा करावा, याची त्यांना दृष्टी मिळाली. पुढे दोघांचा विवाह झाला. संसार व मुलेबाळे सांभाळून त्यांनी कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात अध्यापन केले आणि प्राध्यापकपदापर्यंत पोहोचल्या. नंतर अनेक वर्षे त्या मोरोक्कोतील फेज शहरी कारविय्यीन विद्यापीठात तफसीर, म्हणजे कुरआनचे विवरण, शिकवीत होत्या. या विद्यापीठाची मूळ मशीद इ. स. 859 मध्ये फातिमा अल्-फिहरी या स्त्रीने बांधविली, अशी परंपरा आहे. एका स्त्रीच्या दानातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठात हजार वर्षांनंतर दुसरी स्त्री पुरुष विद्यार्थ्यांना कुरआन समजावून सांगत होती. 1994 मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले.

आता त्यांनी केले काय ते पाहू. ‘अत्-तफसीर अल्-बयानी’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग 1962 मध्ये आणि दुसरा 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही भागांत मिळून विवरण केवळ चौदा लहान सूरांचे आहे. एवढ्या मोठ्या विदुषीने चौदाच सूरा घेतल्या! आणि त्यांतील बहुतेक आपल्या अम पाऱ्यातल्या आहेत: जुहा, जिलजाल, तकासुर, अस्र, हुमजा, माऊन. आपली मुले ज्या सूरा एका दमात म्हणून टाकतात, त्यांतील एकेका शब्दावर त्या थांबल्या.

त्यांची पद्धत समजण्यास सोपी आणि आचरण्यास कठीण आहे. एखादा शब्द कुरआनमध्ये जेथे जेथे आला असेल ती सर्व स्थळे गोळा करावयाची, ती एकमेकांशेजारी ठेवावयाची, मागचा-पुढचा संदर्भ पाहावयाचा, आणि मग अर्थ ठरवावयाचा. आपल्या मनातला अर्थ ग्रंथावर लादावयाचा नाही.

एक उदाहरण देतो. पत्नीसाठी कुरआनमध्ये ‘जौज’ असाही शब्द येतो आणि ‘इमराअत’ असाही. आपण दोन्हींचे भाषांतर ‘बायको’ असे करून मोकळे होतो. बिन्त अल्-शाती यांनी दाखविले की, हजरत आदम यांच्या पत्नीसाठी ‘जौज’ आहे. हजरत नूह व हजरत लूत यांच्या पत्नींसाठी ‘इमराअत’ आहे, कारण तेथे श्रद्धेची फारकत होती. फिरऔनच्या पत्नीसाठीही ‘इमराअत’च आहे, ती श्रद्धावान, तो जुलमी. हजरत जकरिय्या अपत्याविना असताना पत्नीचा उल्लेख ‘इमराअत’ असा करतात आणि दुआ कबूल झाल्यावर तिच्यासाठी ‘जौज’ हा शब्द येतो. म्हणजे ‘जौज’ हे नुसते नात्याचे नाव नाही. जेथे मने जुळलेली आहेत, जेथे वैवाहिक जीवनाचा हेतू सफल झाला आहे, तेथे तो शब्द शोभतो. पालकहो, निकाहाच्या खुतब्यातही आपण हा शब्द ऐकतो. त्याचा एवढा अर्थ आपल्या मुला-मुलींना ठाऊक असता तर काही घरे मोडण्यापासून वाचली नसती काय?

पैगंबर साहेबांची (स.) माता, त्यांच्या पत्नी व कन्या यांची चरित्रेही त्यांनी लिहिली. 1967 मध्ये सुदानमधील उम्म दुर्मान येथे स्त्रीमुक्तीची इस्लामी कल्पना या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले. त्यातील विचार असा की, ज्ञान आणि वाणी यांमुळे माणूस माणूस ठरतो; स्त्री पूर्ण माणूस आहे; म्हणून तिला ज्ञानापासून दूर ठेवणे म्हणजे तिचे माणूसपणच नाकारणे होय. पुरुषाकडे कुटुंबाची जबाबदारी आहे हे त्या मानीत होत्या, परंतु ती जबाबदारी म्हणजे अनिर्बंध सत्ता नव्हे, असेही बजावीत होत्या. अधिक पुढे जाणाऱ्यांना त्या जुन्या वाटल्या, जुन्या मंडळींना त्या धीट वाटल्या. पण त्यांचे म्हणणे खोडावयाचे तर आधी तेवढा अभ्यास करणे भाग होते. खऱ्या विद्वत्तेचा मान तो हाच.

कोणी म्हणेल, ही इजिप्तची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध? संबंध आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे. वडिलांच्या पश्चात मुलीचा वाटा कुरआनने ठरवून दिला आहे. तरी आपल्या समाजात किती बहिणी भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करतात? सही करताना आपला वाटा किती होता हे त्यांतील किती जणींना ठाऊक असते? मेहेर किती बांधला हे नवरीला निकाहाच्या दिवशी तरी नीट कळते काय? खुला म्हणजे काय, हे संकट दारात आल्याशिवाय कोणी तिला सांगते काय? हे सारे हक्क ग्रंथात आहेत. ते वाचून, समजून, समजावून सांगणाऱ्या स्त्रिया आपल्यात फार थोड्या आहेत.

ज्ञानाने काय घडते याचा दाखला आपल्याच देशात आहे. नवरा बेपत्ता झाला किंवा पोसावयाचा थांबला, तरी येथे रूढ असलेल्या हनफी मतानुसार स्त्रीला सुटका मिळणे फार अवघड होते. त्या वेळी मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट दाखविली. त्यांचा त्यावरील ग्रंथ 1931 चा. पुढे 1939 मध्ये मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल, दोन वर्षे त्याने भरणपोषण केले नसेल, तर पत्नीला न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याचा हक्क त्याने दिला. फिकहच्या ग्रंथांत दडलेली ही वाट अभ्यास असणाऱ्याच्याच दृष्टीस पडली. उद्या अशा प्रश्नांवर बोलताना आपल्या मुली केवळ ऐकणाऱ्यांत असाव्यात की बोलणाऱ्यांत?

आणि हे नवीन नाही. हजरत आएशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीसी आल्या, आणि मोठमोठे सहाबी त्यांना प्रश्न विचारीत. अकराव्या शतकात मक्केत करीमा मरवजिया ‘सहीह बुखारी’ शिकवीत. खतीब बगदादींसारख्या विद्वानाने तो ग्रंथ त्यांच्यापाशी वाचला. मग मधल्या काळात आपण मुलींना चटईच्या पहिल्या धड्यावरच का थांबविले?

विद्यार्थिनींनो, आता व्यवहाराचे बोलतो. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून तुम्हांला बी. ए.कडे वळता येते. अरबी, इस्लामिक स्टडीज, इतिहास, समाजशास्त्र, यांपैकी विषय घ्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, दिल्लीचे जामिया मिल्लिया इस्लामिया, हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ येथे इस्लामिक स्टडीजचे विभाग आहेत. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करावयाचा असेल तर मुंबईच्या एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठात 1974 पासून स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र आहे. एम. ए.नंतर ‘नेट’ परीक्षा असते. तिच्यात ‘अरब संस्कृती आणि इस्लामिक स्टडीज’ असा स्वतंत्र विषय आहे आणि ‘स्त्री-अभ्यास’ असाही. त्यात शिष्यवृत्तीस पात्र ठरलात तर पीएच. डी. करताना घरावर भार राहत नाही.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि वाट लांब आहे. एम. ए. झाले की लगेच नोकरी, असे आश्वासन मी देणार नाही. परंतु हे शिक्षण एकाच दाराशी नेत नाही. शाळेत अरबी-उर्दू शिकविता येते, भाषांतर करता येते, जोडीला वकिली केली तर कौटुंबिक न्यायालयात गरजू स्त्रियांना भक्कम आधार देता येतो. शिवाय तीन भाषा पक्क्या करा. अरबी मुळासाठी, इंग्रजी जगातील संशोधनासाठी, आणि मराठी आपल्या माणसांसाठी. कुरआनचे अनुवाद मराठीत झाले आहेत. पण आपल्या गावच्या आईला तिच्या बोलीत हे सारे समजावून सांगणारी अभ्यासू लेखिका अजून हवी आहे. ती तुमच्यातून का येऊ नये?

मुलग्यांनाही सांगतो, हा विषय मुलींचाच नाही. बहिणीचा वाटा बहिणीला कळला आणि भावाला कळला नाही, तर घरात भांडण होते. दोघांना कळला तर न्याय होतो.

पालकांना काही जण म्हणतील, मुलगी जास्त शिकली, धर्माविषयी प्रश्न विचारू लागली, तर तिचे लग्न कसे जमणार? ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी गेलो की हीच काळजी मी ऐकतो. पण प्रश्न विचारणारी मुलगी श्रद्धेपासून दूर जाते, हा समज बिन्त अल्-शाती यांच्या आयुष्याने खोटा ठरविला आहे. त्या प्रश्न विचारीत विचारीत कुरआनच्या अधिक जवळ गेल्या. ज्याला अर्थ ठाऊक नाही त्याला कोणीही काहीही सांगून फसवू शकतो, धर्माच्या नावाने आणि धर्माच्या विरोधातही. अर्थ जाणणारी मुलगी सहसा फसत नाही.

शेवटी तीन विनंत्या करतो. संस्थेने ग्रंथालयात कुरआनचे अनुवाद, तफसीर, कौटुंबिक कायदा आणि स्त्री-अभ्यास यांच्या पुस्तकांचे एक स्वतंत्र कपाट ठेवावे व ते मुलींना घरी नेता येईल अशी व्यवस्था करावी. पालकांनी नाजरा पूर्ण झाल्यावर मिठाईबरोबर मुलीच्या हाती एक अनुवादही द्यावा, आणि रोज एक लहान सूरा अर्थासह तिच्याकडून ऐकावी. आणि विद्यार्थिनींनो, तुम्ही सूरा अस्र पाठ म्हणता. आज घरी गेल्यावर तिच्यातील एकेका शब्दाचा अर्थ शोधा. सूरा तीनच आयतींची आहे, पण अर्थ शोधावयास संध्याकाळ पुरणार नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.