पहिलीपासून फ्रेंच?



भाषा लहान वयात लवकर येते, असं आपण सगळेच म्हणतो. म्हणूनच एखाद्या शाळेने पहिलीपासून फ्रेंच शिकवायचं जाहीर केलं, की पालकांना ती शाळा चार पावलं पुढची वाटते. या समजुतीची इंग्लंडमध्ये एकदा सरकारी खर्चाने चांगली दहा वर्षं परीक्षा झाली होती, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये फ्रेंच सुरू व्हायचं ते अकराव्या वर्षी, माध्यमिक शाळेत. 1964 साली निवडक भागांतल्या सरकारी शाळांनी ते आठव्या वर्षापासून शिकवायला घेतलं. तयारीत कसूर नव्हती. नफील्ड फाउंडेशनने खास अभ्यासक्रम करून दिला. वर्गात टेपरेकॉर्डर आले, फलकावर लावायची चित्रं आली. मुलांनी आधी ऐकायचं, मग बोलायचं. लिहिण्याची घाई नाही. फ्रेंच शिकवायचं होतं मात्र नेहमीच्या वर्गशिक्षकांनाच. त्यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग काढले, काहींना फ्रान्सलाही पाठवलं.

क्लेअर बर्स्टल या संशोधक बाईंनी हजारो मुलांची प्रगती वर्षानुवर्षं तपासली आणि 1974 साली अहवाल दिला. सोळाव्या वर्षी पाहिलं, तर आठव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं फक्त ऐकून समजण्यात पुढे होती. बोलणं, वाचणं, लिहिणं यांत अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांनी त्यांना गाठलं होतं. सरकारचा उत्साह मावळला आणि अनेक शाळांमधून फ्रेंच गेलं.

अहवालावर टीकाही झाली, आणि मला ती रास्त वाटते. तीन वर्षं फ्रेंच शिकून आलेली मुलं माध्यमिक शाळेत गेली, की बरेचदा नवशिक्यांच्याच वर्गात बसायची. पुन्हा 'बाँझूर', पुन्हा एक ते दहा आकडे! आधीचं शिकणं असं वाया घालवल्यावर लवकर सुरुवातीचा फायदा दिसणार कुठून?

जवळपास त्याच सुमाराला, 1965 मध्ये, कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावी वेगळाच प्रयोग सुरू झाला. तो सरकारने नव्हे, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळा मंडळाच्या मागे लागून सुरू करवला. क्वेबेक प्रांत फ्रेंचभाषकांचा. तिथे राहून आपल्या मुलांना शेजाऱ्याशी धड बोलता येऊ नये, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी फ्रेंचचा तास मागितलाच नाही. बालवर्गापासून सगळी शाळाच फ्रेंचमधून! वाचायलाही मुलं आधी फ्रेंचमध्ये शिकली, इंग्रजीचा तास नंतर आला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट यांनी ही मुलं तपासली. प्राथमिक शाळा संपेतो त्यांचं इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकंच चांगलं होतं, आणि ऐकण्या-वाचण्यातलं फ्रेंच जवळजवळ फ्रेंच मुलांच्या तोडीचं.

बोलण्यात मात्र कसर राहिली. एक उदाहरण मोठं बोलकं आहे. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच एकट्या माणसाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हे ठरवावं लागतं. अशा शाळांतली मुलं मोठ्यांनाही सर्रास 'तू' म्हणत. शिक्षक एकट्या मुलाला 'तू' म्हणायचे, अख्ख्या वर्गाला 'तुम्ही'. एका माणसाला आदराने 'तुम्ही' म्हटलेलं मुलांच्या कानावर पडायचंच फारसं नाही. वर्गात फ्रेंच घरातलं एकही मूल नव्हतं, मग हे शिकवणार कोण? आज क्वेबेकमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांचं असं होत नाही. 1977 च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांची मुलं सहसा फ्रेंच शाळेतच जातात आणि डबाही फ्रेंच मुलांबरोबर खातात.

आता पुन्हा इंग्लंडकडे वळू. त्या देशाने 2014 पासून सात ते अकरा वयाच्या मुलांना परकीय भाषा सक्तीची केली. बहुतेक शाळांनी फ्रेंचच निवडलं. पण अनेक ठिकाणी वेळ आठवड्याला अर्धा-पाऊण तास. माध्यमिकशी सांधा अजूनही नीट जुळलेला नाही.

वयाला महत्त्व आहे, पण एकट्या वयावर भाषा येत नाही. तेव्हा पालकहो, शाळेत फ्रेंच सुरू झालं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. आठवड्याला किती वेळ, शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला फ्रेंच किती बोलता येतं, आणि पाचवीत गेल्यावर धडा पुढे जाणार की पुन्हा 'बाँझूर'पासून, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर तो तास मुलांना मैदानावर खेळायला दिलेला बरा.