क्रियापदाचे तुकडे आणि जोर

१९५६ साली म्हैसूर राज्यात आलेल्या बीदर, कलबुर्गीकडच्या भालकी, औराद, आळंद भागात अनेक मुलं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. कन्नडात अक्षरातला ‘अ’ सहसा पुरा उच्चारतात; मराठीत तो जागा पाहून गळतो. ‘समज’ म्हणजे स-मज, ‘समजा’ होतं सम-जा, ‘समजला’ पुन्हा स-मज-ला! प्रत्यय बदलला की तुकडे बदलतात, लिपी मात्र हे दाखवत नाही. फ्रेंचमध्येही क्रियापदाच्या शेवटी लिहिलेली कितीतरी अक्षरं मुकीच असतात. तिथे जोर मात्र ठरलेला, उच्चारलेल्या शेवटच्या तुकड्यावर. मराठीत जोरानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. पण तुकडे लिपीत दिसत नाहीत, म्हणून शिक्षकहो, कन्नडभाषक मुलांना क्रियापदं आधी मोठ्यानं ऐकवा, मगच फळ्यावर लिहा.