पगाराचा हिशेब आणि बेकारांची मोजदाद



वेतन आयोग हा शब्द उच्चारला की सभागृहाचे आपोआप दोन भाग पडतात. ज्यांच्या घरी सरकारी नोकरी आहे त्यांचे कान टवकारतात आणि ज्यांच्या घरी ती नाही त्यांच्या कपाळाला आठी पडते. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली तेव्हाही हेच घडले. ‘यांना आणखी किती द्यायचे?’ असे एका बाजूने विचारले गेले, तर ‘महागाई काय आम्हाला माफ आहे?’ असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही प्रश्नांत तथ्य आहे. परंतु या वादाच्या वेळी त्याच तालुक्यातला पदवीधर, नोकरीच्या शोधात वय वाढत चाललेला तरुण कुठेच दिसत नाही. तो चर्चेत नाही आणि, त्याहून गंभीर म्हणजे, हिशेबातही नाही.

पगाराचा हिशेब मात्र चोख आहे. 1946 मध्ये न्या. वरदाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वेतन आयोग नेमला गेला. त्याने सर्वात खालच्या कर्मचाऱ्यासाठी महागाई भत्त्यासह दरमहा 55 रुपये सुचवले. न्या. अशोककुमार माथुर यांच्या सातव्या आयोगाने हाच आकडा 18,000 वर नेला. तो काढताना 1957 च्या भारतीय श्रम परिषदेचे निकष वापरले गेले. कुटुंबाला धान्य किती लागते, डाळ किती, भाजी, दूध, कापड किती, याची रीतसर बेरीज करण्यात आली. म्हणजे माणसाला सन्मानाने जगण्यास काय लागते, हे शासनाला ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. ते किलो आणि मीटरमध्ये ठाऊक आहे.

आता याच शासनाची दुसरी वही उघडावी. महाराष्ट्राने सातवा आयोग जानेवारी 2019 पासून प्रत्यक्ष लागू केला. राज्यसेवेतील सर्वात खालच्या वेतनस्तराची सुरुवात 15,000 रुपये मूळ वेतनावर झाली. त्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवकाला मिळत होते दरमहा 6,000 रुपये, तेही तीन वर्षे. 2023 पासून हे मानधन 16,000 झाले, हे चांगलेच झाले. पण ‘मानधन’ या शब्दाची गंमत पाहावी! वेतन म्हटले की नियम, वाढ, भत्ता, निवृत्तीवेतन हे सारे मागोमाग येते. मानधन म्हटले की फक्त मान येतो आणि धन मागे राहते. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या याच शब्दाच्या धनी आहेत. वेतन आयोगाच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, रोजगाराच्या पाहणीत मात्र त्या कामावर असलेल्या ठरतात.

ही पाहणी कशी होते, तेही समजून घ्यायला हवे. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत साप्ताहिक स्थितीचा निकष असा आहे की, गेल्या सात दिवसांत एखाद्याने किमान एक तास काम केले असेल तर तो रोजगारात आहे. वडिलांच्या शेतात बिनपगारी हात लावणारा मुलगाही रोजगारात. जगभर ही पद्धत रूढ आहे, त्यामुळे तिला लबाडी म्हणणे योग्य नाही. पण तिच्यातून निघणारा बेकारीचा टक्का वाचून गावचा माणूस बुचकळ्यात पडतो, त्याचे कारण हे. शिवाय 2025 पूर्वी या पाहणीच्या नमुन्याची रचना जिल्हा हा घटक धरून केलेली नव्हती. आता जिल्हा धरला जातो, पण तालुका अजून दूरच आहे.

मग तालुक्याचे चित्र कुठे मिळावे? सेवायोजन कार्यालयात? 1945 मध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांना काम देण्यासाठी निघालेली ही यंत्रणा. एके काळी तिथले कार्ड म्हणजे नोकरीचे पहिले पाऊल असे. 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर केवळ त्या यादीतून भरती न करता जाहिरात देणे आवश्यक ठरले आणि कार्डाची ओढ ओसरली. ज्याला नोकरी लागली तो नाव काढायला जात नाही. ज्याला नाही तो नाव घालायला जात नाही.

उलट माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 4 पाहावे. प्रत्येक शासकीय कार्यालयाने आपल्या प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे आहे. म्हणजे तहसील कचेरीत महिन्याला किती पगार वाटला जातो, हे कोणीही रुपयापर्यंत सांगू शकेल. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज भरत बसलेल्यांची संख्या मात्र कोणालाच सांगता येणार नाही. ती कधीतरी अचानक उघडी पडते. 2024 मध्ये राज्यात सतरा हजारांवर पोलीस पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर. पहाटे मैदानावर धावणाऱ्या त्या मुलांत पदवीधर होते, अभियंतेही होते.

कर्मचारी वर्गाला दोष देऊन यातले काही सुटणार नाही. त्याच्या पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर 1975 मध्ये महाराष्ट्रात आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. नियमित पगार मिळवणाऱ्याने काम न मिळणाऱ्यासाठी वाटा द्यावा, ही त्यामागची कल्पना. किती कर्मचाऱ्यांना हे ठाऊक असेल? आणि मुख्यालयी राहण्याचा घरभाडे भत्ता घेऊन जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, त्यांचा किराणा, दूध, भाजी, शिकवणी हा सारा खर्च ज्या तालुक्यात व्हायचा तिथे होत नाही.

एका पंचायत समितीच्या क्षेत्रात दहा-बारा कार्यकर्ते आणि तितकेच निवृत्त शिक्षक सुट्टीच्या दिवशी घरोघर गेले, तर ही मोजणी अशक्य नाही. चार गोष्टी विचाराव्यात: शिक्षण, गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती दिवस काम, त्याचे किती पैसे, आणि किती वर्षांपासून भरतीची तयारी चालू आहे. त्यासोबत पंचायत समितीतील मंजूर पदे आणि रिक्त पदे अर्ज करून मागवावीत. दोन्ही कागद ग्रामसभेत एकाच वेळी वाचले जावेत.