सिंदखेडचे जाधवराव

जालन्याहून विदर्भाची हद्द ओलांडली की लगेच सिंदखेडराजा लागतं. आज हे गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण निजामशाहीच्या काळात या सगळ्या टापूवर लखुजी जाधवरावांचा दरारा होता. देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं हे घराणं. लखुजींच्या कन्या जिजाऊ यांचा जन्म 1598 साली इथल्याच वाड्यात झाला.

नावाला जहागीर, पण पदरी फौज असलेला सरदार ज्या बाजूला उभा राही, तिकडे दख्खनचं पारडं झुकत असे. याचा अनुभव आपल्याच जालना जिल्ह्याने घेतला. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्यावर नाराज झालेले लखुजी आणि इतर काही सरदार मोगलांना मिळाले, आणि 1616 साली बदनापूर तालुक्यातल्या रोषणगावाजवळ अंबराचा मोठा पराभव झाला. पाठोपाठ मोगलांनी त्याची खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, उद्ध्वस्त केली. रोषणगावाच्या शिवारातून जाताना हे फारसं कुणाला आठवत नाही, याची मला खंत वाटते.

पुढे लखुजी निजामशाहीत परतले. जुलै 1629 मध्ये दौलताबादला भर दरबारात त्यांना दगा झाला. अचलोजी आणि राघोजी हे मुलगे, नातू यशवंतराव, सगळे तिथेच मारले गेले. निजामशाहीने आपलाच आधार असा तोडला. चार वर्षांत दौलताबाद मोगलांच्या हाती पडलं.

लखुजींची भव्य दगडी समाधी सिंदखेडला आहे. वाड्याचा दरवाजा बघून परतू नका, तिथेही जा.