विश्वाचा शेवट आणि आपण

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

विषय ऐकून काही आयाबहिणी हसल्या, ते आम्ही पाहिलं. नळाला पाणी नाही आणि हे विश्वाच्या शेवटाचं काय घेऊन बसलेत? पण बायांनो, हा विषय आपल्या घरात आधीच शिरलेला आहे. २१ डिसेंबर २०१२ ला जग बुडणार म्हणून टीव्हीवाल्यांनी केवढा धुमाकूळ घातला होता! आणि ग्रहण लागलं की आपल्याच वस्तीत गरोदर बाईला अजून घरात कोंडतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा. म्हणून बोलायचं.

पुराणांनी जगाचा शेवट फार पूर्वीच सांगून ठेवलाय. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, मग प्रलय. आकडे मोठे, म्हणून शिकलेली माणसंही भारावतात. पण कलियुग आलं हे ओळखायचं कशावरून, ते नीट वाचा. वर्णधर्म मोडेल, शूद्र वरच्यांची कामं करू लागतील, ही त्याची लक्षणं! म्हणजे आपला पोरगा कॉलेजात गेला की ती जग बुडायची खूण. आपण माणसात येणं हाच ज्यांना प्रलय वाटला, त्यांचं भाकीत आपण कशाला उराशी धरायचं?

आता विज्ञान काय म्हणतं ते पाहू. विश्वाच्या शेवटाचा शास्त्रीय विचार देवळात सुरू झाला नाही. तो वाफेच्या इंजिनाशेजारी सुरू झाला, हे आम्हा गिरणी कामगारांना विशेष वाटतं. १८२४ साली फ्रान्समध्ये सादी कार्नो नावाच्या तरुण इंजिनियरनं दाखवलं, की इंजिन नुसत्या उष्णतेवर चालत नाही, गरम आणि गार यांच्यातल्या फरकावर चालतं. जुन्या गिरण्यांत एका वाफेच्या इंजिनावर शाफ्ट आणि पट्टे लावून सगळे साचे चालत. बॉयलर तापलेला आणि बाहेर गार, तोवर चाक फिरणार. दोन्हीकडे सारखीच धग झाली, तर उष्णता कितीही असो, साचा हलणार नाही. १८५० च्या दशकात केल्विन आणि हेल्महोल्ट्झ यांनी हाच हिशेब सगळ्या विश्वाला लावला. गरम वस्तू निवते, गार वस्तू तापते, फरक मिटत जातो. तो पुरता मिटला की विश्वात कुठलंच काम होणार नाही.

त्यात १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांतून दिसलं, की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब लांब जात आहेत. विश्व पसरतंय. आजच्या मापाप्रमाणे हे पसरणं सुमारे १३८० कोटी वर्षं चाललंय. एक दिवस गुरुत्वाकर्षणानं ते थांबेल, कदाचित सगळं पुन्हा एकत्र कोसळेल, असंही मानलं जाई. १९९८ मध्ये दोन गटांनी स्फोट पावलेल्या ताऱ्यांचा उजेड मोजला, तर उलटंच निघालं. पसरण्याचा वेग वाढतोय! त्याबद्दल २०११ चं नोबेल मिळालं. वेग वाढवणारं जे काही आहे, त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात. नाव दिलंय, पण ती काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक नाही असं उघड सांगणारा पुजारी आम्ही अजून पाहिलेला नाही.

आता आपल्या सूर्याचं. त्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. तो हळूहळू जास्त तापतोय, आणि साधारण १०० कोटी वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र टिकणार नाहीत. ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, मग आकसून श्वेत बटू म्हणून निवत राहील. कुठला तारा असा शांत निवतो आणि कुठला पुढं कोसळतो, याची मर्यादा आपल्याच देशाच्या चंद्रशेखर यांनी काढली. १९३० साली, एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाताना बोटीवर! नोबेल मिळायला १९८३ उजाडलं.

बाकीचे तारेही विझतील. कोटीला कोटीनं गुणा, साधारण तेवढ्या वर्षांनी नवे तारे घडणं थांबेल. मग राहतील कृष्णविवरं. तीही झिजतात, असं हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलं. सर्वांत मोठ्यांना एकावर शंभर शून्यं इतकी वर्षं लागतील. पुढं अंधार आणि गारठा.

यातही शेवटचा शब्द झालेला नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डेसी प्रकल्पानं असे संकेत दिलेत, की कृष्ण ऊर्जा काळाप्रमाणे कमी होत असावी. ते खरं ठरलं तर शेवटाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. आपले जयंत नारळीकर तर महास्फोटाचा सिद्धांतच पुरता मानत नव्हते. २०२५ मध्ये ते गेले. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते, पण ते भांडले गणितानं, पोथी पुढं करून नव्हे.

इथं थोडं कडू बोलतो. अंगुत्तर निकायात सप्तसूर्य सुत्त आहे. एकामागून एक सात सूर्य उगवतात, नद्या आटतात, समुद्र आटतो, शेवटी पृथ्वी पेटते. ते वाचून आपले काही वक्ते म्हणतात, बघा, बुद्धानं तांबडा राक्षसी तारा आधीच सांगितला होता! बंधूंनो, पुराणात विमानं होती म्हणणाऱ्यांना आपण हसतो ना? मग हे काय वेगळं? त्या सुत्ताचा रोख अनित्यतेवर आहे. एवढी मोठी पृथ्वीही टिकत नाही, तर आसक्ती कशाची धरता, असा. त्याला दुर्बिणीची साक्ष लागत नाही.

आणि जग शाश्वत की अशाश्वत, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाला तथागतांनी उत्तरच दिलं नाही. बाण लागलेल्या माणसाचा बाण आधी काढा, मारणाऱ्याची जात-गोत्र नंतर विचारा, असं त्यांनी समजावलं. याचा अर्थ प्रश्न विचारू नका असा आम्ही घेत नाही. उत्तर मिळेपर्यंत दुःखनिवारण थांबवू नका, असा घेतो.

तरुण पोरं विचारतात, सगळं विझणारच आहे तर चळवळ कशाला, शिकायचं कशाला? बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अनित्यतेबद्दल जे लिहिलंय ते वाचा. वस्तू बदलत नसत्या तर जीवनाची वाढच खुंटली असती, असा त्यांचा मुद्दा आहे. इंजिनाकडे परत बघा. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांवर तापलेला, भोवतालचं अवकाश उणे २७० अंश. हा फरक मिटत चाललाय, त्या ओघावरच झाडं वाढतात, आपण जेवतो. निवणं आहे म्हणून जगणं आहे. जात कायम, गरिबी कायम म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

एक काम सांगून थांबतो. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. पश्चिम भारतात ते संध्याकाळकडं खंडग्रास दिसेल. पावसाळा आहे, ढग आडवे आले तर आले. विहारानं ग्रहणाचे चष्मे आणावेत, मुलांना गच्चीवर न्यावं. उघड्या डोळ्यांनी कुणी बघायचं नाही. आणि ज्या घरात गरोदर सून असेल, तिलाही चष्मा देऊन वर आणा.

जयभीम! जय भारत!